स्नो ग्लोबचं तयार किट : सोलापुरात काय टिकतं आणि काय बाजारातूनच घ्यावं

आठवी ते अकरावीच्या मुलामुलींसाठी सुट्टीतला हस्तकलेचा उपक्रम म्हणून स्नो ग्लोबची, म्हणजे हलवला की आत बर्फ पडल्यासारखा दिसणाऱ्या पाणीभरल्या शोभेच्या गोळ्याची, तयार किटं ऑनलाइन मागवली जातात. खोक्यांवरची नावं वेगवेगळी असली तरी आतला माल जवळपास सारखाच असतो: प्लास्टिकचे दोन-तीन घुमट, त्यांचे रबरी बूच किंवा आट्यांचे तळ, हवेवर वाळणारी रंगीत माती, चमकीच्या पुड्या आणि एक सूचनापत्र. द्रव मात्र नसतो. ‘पाणी भरा’ एवढंच लिहिलेलं असतं.

आमचं मत आधीच सांगतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला एक दुपार रमवायची असेल तर हे किट चालेल. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी ते घेऊ नये. याच कामाचं चांगलं सामान सोलापुरात मेडिकल, हार्डवेअर आणि नवी पेठेतली स्टेशनरीची दुकानं यांत मिळून जातं. त्यातून होणारा ग्लोब मे महिन्यातही तग धरतो. किटमधला ग्लोब आपल्याकडच्या उन्हाळ्यात का टिकत नाही, हे एकेक भाग घेऊन पाहू.

सुरुवात घुमटापासून. किटचा घुमट हलका असतो, पडला तर फुटत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच्यावर पुसतानाच ओरखडे पडतात आणि बूच नुसतं दाबून बसवायचं असतं. इथेच पहिली अडचण येते. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ४५ अंशांपर्यंत गेलं तर ३०० मिलीमागे साधारण दोन मिलीने वाढतं, ग्लिसरीन मिसळलेलं त्याहून थोडं जास्त. काठोकाठ भरून बूच दाबलेल्या घुमटात या वाढीव द्रवाला जागाच नसते. मग बूच सरकतं, तळाशी ओल येते. रात्री द्रव आकसला की तेवढी हवा आत शिरते. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत हे रोज घडतं आणि वरचा बुडबुडा वाढत जातो.

त्याऐवजी जॅमची किंवा मधाची काचेची बरणी घ्या. २५० ते ३५० मिलीची, पाव फेऱ्यात बसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाची. अशा झाकणाच्या आत कडेला मऊ रबरासारखा गोल पट्टा असतो. पाणी अडवतो तो हा पट्टा. त्याला गोंद, रंग, चमकी काहीही लागू देऊ नका. लोणच्याची बरणी टाळा. मिठाने झाकणाचा आतला थर आधीच खाल्लेला असतो आणि महिनाभरात पाण्यात तांबूस गंज उतरतो. बरणी निवडताना तळही बघा. तळ आत दबलेला असेल तर उत्तम, कारण ग्लोब उलटा ठेवतात तेव्हा तो तळ वर येतो आणि हवेचा बुडबुडा कडेच्या जाड काचेआड सरकतो, नजरेत भरत नाही.

आता माती. किटमधला सगळ्यात निरुपयोगी भाग हाच. हवेवर वाळणारी माती पाण्यात भिजली की मऊ पडते, आठवड्याभरात तिचा चिखल होतो. शाडूचंही तेच. प्लास्टर ऑफ पॅरिसचा चिखल होत नाही, पण तेही पाण्यात हळूहळू झिजतं. भट्टीत भाजायची पॉलिमर माती चांगली, पण तिला ११० ते १३० अंशांची स्थिर उष्णता लागते आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ती भाजणं आम्हाला पसंत नाही. सोलापुरातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एम-सील हे यावरचं उत्तर आहे. नळाचा जोड गळू नये म्हणून लावायची वस्तू, म्हणजे पाण्यात राहणं हाच तिचा धर्म.

एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन, रंगाच्या रेषा पूर्ण दिसेनाशा होईपर्यंत मळायचे. दोन-तीन मिनिटं लागतात. मुलं इथे घाई करतात, मग मूर्तीचा एखादा भाग कायम चिकट राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. हातमोजे सक्तीचे: हार्डनर कातडीला लागून काहींना खाज, पुरळ येतं. उन्हाळ्यात दुपारी हे मिश्रण लवकर कडक होतं, म्हणून एका वेळी लिंबाहून मोठा गोळा मळू नये. ओल्या बोटाने पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो. बारीक काम टाचणीने आणि टूथपिकने. घट्ट झाल्यावरही एक रात्र तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारायचा.

काय घडवायचं यावर सूचनापत्रात सांताक्लॉज आणि पाइनचं झाड असतं. आम्ही सोलापूरच्या मुलांना सिद्धेश्वराचं मंदिर सुचवू. ते तलावाच्या पाण्यातच उभं आहे, त्यामुळे पाण्याच्या गोळ्यात ते उपरं वाटत नाही. भुईकोट किल्ल्याचा बुरूजही सोपा आहे. सगळ्यात चांगला विषय मात्र जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचा: सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. ग्लोब हलवला की बर्फाऐवजी पिवळ्या अक्षता पडतात. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या गावचं काहीतरी करतोय हे एकदा पटलं की तो बारकाव्यांसाठी स्वतःहून दोन तास बसतो. किटच्या आयत्या सांतासाठी बसत नाही.

घडवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. द्रवाने भरलेली गोल बरणी भिंगासारखं काम करते, पण फक्त आडव्या दिशेने. मधोमध ठेवलेली वस्तू साधारण एक तृतीयांशाने जास्त जाड दिसते, उंची तेवढीच राहते. म्हणून बरणीबाहेर प्रमाणबद्ध वाटणारं शिखर आत गेल्यावर बुटकं, फुगलेलं दिसतं. मूर्ती मुद्दाम सडपातळ करा. नंदीध्वजाची काठी तर तारेएवढीच पुरे. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार घ्या, लोखंडी बांधणीची तार गंजते. करता करता मूर्ती पाणी भरलेल्या बरणीमागे किंवा आत धरून बघत राहावं. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा धडा दहावीच्या मुलांना इथे पुस्तकापेक्षा लवकर कळतो.

झाकणाची कड मूर्तीचा खालचा सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर झाकते. म्हणून आधी एम-सीलचा ओटा करून त्यावर मूर्ती बसवायची. ओट्याचा घेर बरणीच्या तोंडाहून सगळीकडून किमान पाच मिलिमीटर कमी हवा, नाहीतर झाकण फिरत नाही आणि चमकी फटीत अडकून बसते.

### चिकटवण्याचं काम

ग्लोब बिघडतात ते बहुतेक वेळा इथे. किटमध्ये गोंदाची छोटी ट्यूब असते आणि ती कशाची आहे हे बहुतेकदा लिहिलेलं नसतं. फेव्हिकॉल पाण्यात पुन्हा विरघळतो. फेव्हिक्विक पटकन धरतं, पण सतत पाण्यात राहिलं की ठिसूळ होऊन सुटतं आणि आजूबाजूला पांढरी झाक सोडतं. ग्लू-गनचा गोंद गुळगुळीत पत्र्यावर नीट धरतच नाही, आणि उन्हाळ्यात मऊ पडला की मूर्ती आत लोळायला लागते. ग्लू-गन मुलांची आवडती आहे म्हणून हे ठासून सांगतो: पाण्यात जाणाऱ्या कुठल्याही जोडाला ती वापरू नका.

चोवीस तास लागणारं दोन ट्यूबांचं स्टँडर्ड अॅरल्डाइट घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं असतं ते कायम पाण्यात राहणाऱ्या जोडाला कमी भरवशाचं. झाकणाची आतली बाजू लाखेसारख्या थराने गुळगुळीत असते, तिच्यावर काहीच पकड घेत नाही, म्हणून मधला भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावा लागतो. पण खरवडलं की पत्रा उघडा पडतो आणि गंजतो. तेव्हा जेवढा भाग खरवडला तेवढा सगळा अॅरल्डाइटने किंवा एम-सीलने झाकलाच पाहिजे, एक रेषही उघडी नको. खरवडण्याआधी ओटा ठेवून पेन्सिलने त्याचा घेर आखा आणि त्या रेषेच्या आतच घासा, म्हणजे प्रश्न मिटतो.

रंग ऑइल पेंटचे. सगळ्यात लहान डबी आणा, दोन पातळ हात द्या, मध्ये एक दिवस जाऊ द्या. अॅक्रिलिक रंग वापरायला सोपे, पण पाण्यात काही महिन्यांनी ते सालपटासारखे सुटतात. वापरायचेच असतील तर वरून ऑइल वॉर्निशचे दोन हात हवेत. पोस्टर कलरचा विचारही नको.

### द्रव आणि चमकी

किटचं सूचनापत्र ‘नळाचं पाणी’ म्हणतं. सोलापुरात ते चालणार नाही. नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यातले क्षार काचेवर पांढरा थर धरतात आणि साबणाच्या थेंबाशी मिळून साका तयार करतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं अॅसिडही तशाच कॅनमध्ये असतं, म्हणून ही खरेदी मुलांवर न सोपवता मोठ्यांनी करावी आणि लेबल वाचून घ्यावं. गाडीचं कूलंट तर अजिबात नको. रंग सुंदर दिसतो म्हणून कुणीतरी ते सुचवतंच, पण त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असतं, आणि बरणी फुटली तर घरातली मांजर-कुत्री ते चाटतात.

दाटपणासाठी मेडिकलमधलं ग्लिसरीन. सामानात सगळ्यात महाग तेच पडतं, पण त्याशिवाय ग्लोब होत नाही. नुसत्या पाण्यात चमकी दगडासारखी तळाला जाते. ३०० मिलीच्या बरणीत मूर्तीने जागा घेतल्यावर साधारण २७० मिली द्रव मावतो. त्यात हिवाळ्यात ७० मिली ग्लिसरीन आणि २०० मिली पाणी ठीक. उन्हाळ्यासाठी ९० ते १०० मिली ग्लिसरीन आणि बाकी पाणी. हा फरक का, तर ग्लिसरीनचं मिश्रण तापलं की झपाट्याने पातळ होतं: वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण २० अंशांना पाण्याच्या सहापट दाट असतं, ४० अंशांना त्याचा दाटपणा जवळपास अर्ध्यावर येतो. परदेशी सूचनांमधलं प्रमाण जसंच्या तसं उचललं तर एप्रिलमध्ये सोलापुरात चमकी भराभर खाली बसते. उलट, निम्म्याहून जास्त ग्लिसरीन घातलं तर चमकीचे गठ्ठे होऊन ती मूर्तीलाच चिकटून राहते. दहा मुलांच्या वर्गाला उन्हाळ्यात साधारण ९०० मिली ते एक लिटर ग्लिसरीन आणि दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर पुरतं.

पाणी आधी पाच मिनिटं उकळून, झाकून कोमट होऊ द्यायचं. उकळल्याने त्यात विरलेली हवा निघते. नाहीतर दुसऱ्या दिवशी मूर्तीवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. मग ग्लिसरीन घालून फेस न करता सावकाश ढवळायचं. द्रवात वाकड्यातिकड्या रेषा दिसतात तोवर ते एकजीव झालेलं नसतं.

चमकीबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण किटचा दुसरा मोठा दोष त्यात आहे. पुडीतला ‘बर्फ’ कधी थर्माकोलचा चुरा असतो. तो तरंगतो आणि वरच राहतो. पांढऱ्या पॉलिस्टायरीनच्या कपाचे तुकडे साध्या पाण्यात हळूहळू बुडतात, पण त्यांची घनता १.०५ च्या आसपास. चौथा हिस्सा ग्लिसरीन घातलं की द्रवच त्यांच्याहून जड होतो आणि तेही तरंगायला लागतात. मेणाचा कीस तरंगतो. मीठ-साखर विरघळते. रांगोळी सगळं गढूळ करते. अंड्याचं कवच उकळून, आतला पापुद्रा काढून, कुटून चाळलं तर चालतं, फक्त ते जड असल्याने लवकर बसतं.

रव्याची मात्र गंमत आहे. व्हिएन्नात १९०० सालच्या सुमारास शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा एर्विन पेर्झी दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत होता. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात त्याने रवा टाकून पाहिला. उजेड काही वाढला नाही, पण रवा तरंगत खाली येताना बर्फासारखा दिसला. त्यातून त्याने मारियात्सेलच्या चर्चची छोटी प्रतिकृती असलेला ग्लोब केला. त्याच्या घराण्याचा कारखाना व्हिएन्नात आजही हेच काम करतो. मुलांना हे सांगा, एका भांड्यात रवा टाकून दाखवाही, पण ग्लोबमध्ये भरू नका. आपल्या हवेत रवा फुगतो, पाणी दुधाळ होतं आणि आंबूस वास सुटतो.

वापरायची ती पॉलिएस्टरची बारीक चमकी. स्टेशनरीच्या दुकानात पुडीत मिळते. विकत घेतल्यावर चिमूटभर चमकी ग्लिसरीन-पाण्यात पांढऱ्या वाटीत रात्रभर ठेवा. सकाळी पाणी गुलाबी किंवा निळं झालं तर ती चमकी ग्रीटिंग कार्डासाठी ठेवून द्या. ३०० मिलीला पाव चमचा पुरते, अर्धा चमचा म्हणजे फार झाली. मुलं हमखास दोन चमचे टाकतात आणि मूर्ती दिसेनाशी होते. कोरडी चमकी थेट टाकली तर ती वर साय धरते. आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून, भांडी घासायच्या पातळ साबणाचा एकच थेंब घालून मग बरणीत सोडा. दुसरा थेंब पडला की हलवल्यावर फेस येतो आणि तो लवकर जात नाही.

अक्षतांसाठी खरे तांदूळ नकोत, त्यांचं रव्यासारखंच होतं. पिवळी पारदर्शक प्लास्टिक शीट आणून तिचे एक बाय तीन मिलिमीटरचे तुकडे कापा. शीट कुठल्या प्लास्टिकची ते आधी तपासायचं: एक तुकडा ग्लिसरीन-पाण्याच्या पेल्यात बुडवून सोडा. वर आला तर ती पॉलिप्रॉपिलीनची, फाइल फोल्डरची असते तशी, निरुपयोगी. घरंगळत, डोलत खाली गेला तर तीच हवी. मार्करने रंगवलेले तुकडे द्रवात रंग सोडतात, म्हणून शीट मुळातच रंगीत असावी.

भरण्याआधी गळतीची चाचणी चुकवू नका. मूर्तीसकट झाकण लावून साध्या पाण्याने भरलेली बरणी वर्तमानपत्रावर चोवीस तास उलटी ठेवा. कागद कोरडा राहिला तर पुढे जायचं. ओला झाला तर झाकण बदलायचं; सिलिकॉन थापून सदोष झाकण सुधारत नाही. टेफ्लॉन टेपचाही उपयोग नाही, कारण या झाकणांना सलग आटे नसतात. याच चाचणीत बरणीतलं पाणी मापून घेतलं की द्रव किती लागेल ते नेमकं कळतं.

मग बरणी आणि मूर्ती सर्जिकल स्पिरिटने पुसून वाळवायची, म्हणजे पुढे बुरशी धरायची शक्यता कमी. बुरशी रोखायला वापरतात त्या, बाजारात मिळणाऱ्या सोडियम बेंझोएटचा इथे फारसा उपयोग होत नाही, ते आंबट द्रवातच नीट काम करतं. बरणी ताटात ठेवा, द्रव कोमट म्हणजे ४० अंशांच्या आसपास असताना काठोकाठ भरा, मूर्ती तिरपी करून सावकाश आत सोडा. ओट्याखाली अडकलेली हवा निघेपर्यंत थांबा आणि झाकण फिरवा. द्रव थंड झाला की लहान बोराएवढा बुडबुडा आपोआप तयार होतो. तो राहू द्यावा. उन्हाळ्यात द्रव फुगेल तेव्हा त्याला तेवढीच जागा आहे.

बाहेरून झाकण आणि काच यांच्या सांध्यावर सिलिकॉनची बारीक रेघ ओढायची. पण आधी सांधा साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा, कारण ग्लिसरीन लागलेल्या काचेवर सिलिकॉन धरत नाही. एक पूर्ण दिवस हलवायचं नाही. झाकण लपवायला सोलापुरी टॉवेलची किंवा नॅपकिनची काठाची पट्टी छान दिसते. चादरीची पट्टी आम्हालाही जास्त आवडली असती, पण ती जाड असल्याने दुमडल्यावर तळ समपातळीत बसत नाही.

सगळं काम पाच दिवसांत, रोज फार तर दीड-दोन तासांत बसतं: घडवणं; चिकटवणं आणि पहिला रंग; दुसरा रंग; गळतीची चाचणी; शेवटी भरणी. किटवाले ‘एका तासात तयार’ म्हणतात ते एकही गोष्ट नीट वाळू न दिल्यामुळे. मोठ्या मुलांच्या गटाला आम्ही एक जोडकाम देऊ: तीन पेल्यांत ग्लिसरीनचं प्रमाण वेगवेगळं ठेवून, सारखीच चमकी टाकून, ती बसायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं, सकाळी सातला आणि दुपारी तीनला. मग आपल्या ग्लोबचं प्रमाण त्यांनी स्वतः ठरवायचं.

तयार ग्लोब खिडकीत ठेवू नका. उन्हाचे किरण त्यातून एका बारीक पट्ट्यात एकवटतात. पडदा किंवा कागद पेटू शकतो. फुटला तर काच उचलल्यावर फरशी गरम साबण-पाण्याने धुवा, ग्लिसरीनवरून पाय सटकतो. उरलेली चमकी मोरीत ओतू नका, जुन्या सुती कापडातून गाळून कचऱ्यात टाका.

किट आधीच घरात आलं असेल तर त्यातला घुमट आणि बूच ठेवा, माती, गोंद आणि बर्फाची पुडी बाजूला काढा. बूच बसवताना घुमट बादलीत द्रवाखाली न धरता ताटात उभा करा, बुचाच्या कडेत सुई घालून जास्तीचा द्रव बाहेर येऊ द्या आणि मग सुई ओढून घ्या. वरून सिलिकॉन लावलं तर हा घुमट हिवाळाभर चांगला राहतो. मार्चच्या आधी उघडून थोडा द्रव कमी करावा लागेल.